सुमनची तारीख

चहा जमलाय ना? मीच केलाय. कसा शिकलो, ते ऐका.

सुरतेजवळ उधन्यातल्या आमच्या घरी न्हाणीचं पाणी शेजारच्या भिंतीत उतरायला लागलं. भिंतीला पोपडे आले आणि शेजारीण बोलेनाशी झाली. चांगला कडिया, म्हणजे आपला गवंडी, काही मिळेना. सगळे टॉवरच्या कामांवर. शेवटी आमच्या गावचे दगा नाना आले. हात कसबी, पण गुडघे गेलेले. म्हणाले, "मी खुर्चीवर बसून सांगतो, काम तुम्ही करा."

मी लूमवर वीस वर्षं काढलेला माणूस. दोरा ताणून न्हाणीत टाइल्स अशा सरळ बसवल्या, की स्वतःवरच खूश! दुसऱ्या दिवशी नानांनी माझ्या बायकोच्या, सुमनच्या हातात एक नाणं दिलं. "सूनबाई, एकेक टाइल वाजवून बघ."

टक. टक. ढब.

"पोकळ शे," नाना म्हणाले. "खाली मालच भरला नाही यानं."

अकरा टाइल्स उखडल्या. नानांनी माझ्या हातातली थापी काढून सुमनला दिली. "भाऊ, तू चहा कर."

भिंत सुकली. शेजारीण बोलायला लागली, आणि सुमनला पहिलं काम तिनंच दिलं. आता अख्खी गल्ली बोलावते.

परवा मी म्हटलं, "अगं, आपल्या ओट्यामागची टाइल हलतेय."

तिनं नाणं वाजवलं. "पोकळ शे. आखाजीचा सण झाला की बघू."

"अगं, मी घरचा माणूस!"

"म्हणून तर तारीख दिली. बाकीचे नुसतेच थांबलेत."