लिनक्सला कौल

महाडच्या एसटी स्टँडवर पोलादपूरची गाडी काही येत नव्हती. नूतन मांडीवर उबुंटू, फेडोरा आणि डेबियन अशा तीन सीड्या घेऊन बाकावर बसली होती. आपल्या कॉम्प्युटर क्लासात विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकायचं ठरवून तिला महिना झाला होता, पण लिनक्सच्या तीन जातींतली कुठली घ्यावी, ते ठरेना. मागच्या बाकावर एक काका-पुतणे बसले होते.

"नाथूकाका, तुम्ही लिनक्ससाठी देवीला कौल लावलात?"

"मग काय करू? तुझं दात घासताना उबुंटू, जेवताना फेडोरा. घरात कोणाला घास जाईना."

"अहो, पण नवशिक्याला कुठलं सोपं, हे देवीला काय कळणार?"

"म्हशीचं कळलं, बोरिंगचं कळलं, मग ह्याचंच नाय कळायचं? गुरवानं मूर्तीला दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर उबुंटू, डावं पडलं तर फेडोरा."

"मग?"

"घंटाभर एकपण फूल हलंना."

"बघा. तिचंपण ठरेना."

"मग गुरव म्हणाला, तिसरं काय हाय का? मी म्हटलं, हाय एक, डेबियन. पण पोरगा म्हणतो, लय कठीण हाय."

"आणि?"

"दोन्ही फुलं एकदम खाली."

"म्हणजे काय समजायचं?"

"म्हणजे देवीपण दचकली."

नूतनने डेबियनची सीडी हळूच बाकाखाली सरकवली आणि मागे वळून विचारलं,

"काका, उरलेल्या दोघांसाठी परत कौल मागता येतो का हो?"