भाऊजींच्या हातांची शाळा

आदरणीय अध्यक्ष डॉक्टरबाई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे माझे भाऊजी, माझी ताई, घरशाळा पालक मंडळातले समस्त आईबाबा, आणि आत्ता या क्षणी खुर्च्यांखाली शिरून त्यांचे स्क्रू तपासणारी तमाम मुलं, सर्वांना माझा नमस्कार.

मला दोन मिनिटं दिली आहेत. दोन मिनिटांत बसवायचं तर लिहून आणावं लागलं असतं, आणि लिहिण्याशी माझं जुनं वाकडं आहे. दहावीनंतरची माझी शाळा म्हणजे ट्रक, होड्या आणि एक सायकलचं दुकान. ताईकडे तीन दिवसांसाठी आलो, त्याला आता पाच महिने झाले. हसू नकोस ताई, जाणार आहे मी.

माझ्यानंतर माझी भाची इथे येऊन आभाराच्या चार ओळी वाचणार आहे. ते नीट पार पडावं, एवढ्यासाठीच मी माइक मागून घेतला. पण आधी भाऊजी.

मुलीला घरी शिकवायचं म्हणून या माणसाने वर्षभराची रजा घेतली. सोमवारी ते पुन्हा ऑफिसात रुजू होताहेत, म्हणून हा निरोप. किती बाप असं करतील? हात वर करा म्हणत नाही, उगाच कुणाची पंचाईत नको.

भाची नऊ वर्षांची. घरात तिला खटपट म्हणतात. तिला डिस्लेक्सिया आहे. तिच्या शब्दांत सांगायचं तर, "मामा, दुसरं अक्षर ओळखेपर्यंत पहिलं निसटतं रे." डोकं तल्लख, वाचन सावकाश. तज्ज्ञ बाईंनी सांगितलं, हिला हाताने शिकू द्या. भाऊजींनी ते इतकं मनावर घेतलं, की वर्षभर घरात हात थांबले नाहीत. भाऊजींचे.

काचपेपरची अक्षरं कापली, बोटाने गिरवायला. ती इतकी सुबक झाली, की गिरवून खराब होतील म्हणून काचेच्या फ्रेममध्ये गेली. वाळूत लिहायला ट्रे केला. वाळू सांडते म्हणून ट्रेला झाकण केलं, आणि झाकणावर सूचना, 'विचारल्याशिवाय उघडू नये', लॅमिनेट करून. मग पुठ्ठ्याचं घड्याळ, मग तराजू, मग ज्वालामुखी. त्या ज्वालामुखीला आपल्याच मंडळाच्या प्रदर्शनात आठ ते दहा वयोगटात पहिलं बक्षीस मिळालं. भाऊजी बेचाळीस वर्षांचे आहेत.

परीक्षकांनी खटपटला विचारलं, "बाळा, यात तू काय केलंस?"

ती म्हणाली, "मी टेबल धरलं."

हसताय कशाला? शेजारच्या टेबलावरचा पूलही मी पाहिला होता. इतका चोख पूल बांधणारं सात वर्षांचं मूल असेल, तर त्याला शाळेत नाही, थेट कंत्राटावर घ्यायला हवं. एका होडीवर आमचा एक तांडेल होता, म्हणजे होडीचा कप्तान, तो सुकाणू... असो, ती गोष्ट लांब आहे.

वाचनाचंही तेच. खटपट शब्दावर बोट ठेवते, तोंड उघडते, आणि शब्द येतो भाऊजींच्या तोंडून. प्रेमानेच हं. एकदाही आवाज चढवला नाही या माणसाने, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण वर्षभरात वाचन सुधारलं ते भाऊजींचं.

डॉक्टरबाई, चिठ्ठी पोचली. तुमच्या दवाखान्यात आलो की तोंड उघडा म्हणता, आणि इथे उघडलं तर मिटा म्हणता. दातांच्या डॉक्टरने असं करावं? आटपतोच.

भाऊजींना हसतोय खरा, पण मी तरी कुठला शहाणा? गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. भाऊजी बाहेर गेले होते. नव्या वॉशरच्या पाकिटावर चार ओळी छापलेल्या. खटपट ओट्यावर चढून वाचायला बसली, मी पान्हा घेऊन उभा. पहिली ओळ चालू. मी उभा. पहिलीच ओळ चालू.

म्हटलं, "राहू दे गं, येतं मला."

"मामा, थांब ना! वाचतेय ना मी!"

नाही थांबलो. पान्हा फिरवला आणि पाणी थेट छताला. त्या कारंज्यात भिजत, ओळीवरचं बोट न उचलता तिने ओळ पुरी केली, "आधी... मुख्य... पाणी... बंद करा." मग माझ्याकडे एकदा बघितलं, जाऊन कॉक बंद केला, उरलेल्या तीन ओळी वाचल्या आणि वॉशर स्वतः बसवला. अर्धं मिनिट थांबलो असतो, तर छत कोरडं राहिलं असतं.

भाऊजी आले ते चिडूनच. "तिला कशाला वाचायला लावलंस? फोन करायचा, मी वाचून दाखवलं असतं!"

पाकीट आमच्या हातात, आणि वाचणार हे. फोनवरून!

आता मुद्द्याचं. आजच्या आभाराच्या ओळी भाऊजींनी लिहून, लॅमिनेट करून तिच्याकडून पाठ करून घेतल्या आहेत. पण सकाळी ती मला जिन्यात गाठून म्हणाली, "मामा, मी माझं माझं लिहिलंय. तेच वाचणार. पण मध्ये कुणी शब्द सांगितला ना, तर मी खाली उतरेन. मग पुन्हा कुणासमोर वाचणार नाही. कध्धीच."

भाऊजी, तुम्हाला हे आत्ताच कळतंय, ठाऊक आहे मला. रागवा, पण घरी जाऊन.

मंडळी, चार ओळींना चार मिनिटं लागतील. ती थांबेल तेव्हा कामात असेल. तुम्ही नुसतं बसायचं. खोकायचं नाही, माना डोलवायच्या नाहीत, टाळ्यांनी ओळ पुरी करायची नाही. ताई, भाऊजींचा हात धरून ठेव. वेळ आली तर तोंडही धर.

मंडळाचे आभार, मला बोलावल्याबद्दल. अध्यक्षबाईंचे जास्त आभार, माइक बंद न केल्याबद्दल. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर राग माझ्या एकट्यावर काढावा, मी तसाही इथून जाणार आहे.

खटपट, ये गं वर.

नाही भाऊजी, बसा. माइक उंच आहे हे तिलाही दिसतंय. ती घेईल खाली.

अगं, तो स्क्रू उलट्या बाजूने...

नाही. मी काही बोललो नाही. बसतो.