एकच जागा

बाबा : मूल म्हणजे फूल असतं, बाई. योग्य माती, योग्य ऊन आणि थोडा धीर, एवढं मिळालं की ते फुलणारच.

आई : आधीच्या शाळेत तिनं कुंडी खाली टाकली. तिसऱ्या मजल्यावरून.

बाबा : दुसऱ्या.

बाई : कुणाला लागली?

बाबा : छे, छे! मुख्याध्यापकांच्या गाडीवर पडली.

बाई : म्हणून शाळा सोडली?

बाबा : सोडली असं नाही. जरा लांब पडायची.

आई : शाळा घरासमोर होती, बाई. याचा धंदा घरं विकायचा. भिंतीला ओल असली की हा तिथं कपाट सरकवतो. आज पोरीपुढं स्वतःच उभा राहिलाय.

बाबा : अगं, दारात आलेल्या गिऱ्हाइकाला कुणी ओल दाखवतं का?

बाई : दारात तुम्ही आलायत. बरं, मुलीला राग आला की ती काय करते?

बाबा : आमची भिंगरी? गप्प बसते. विचार करते जरा.

(पलीकडच्या खोलीत काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज.)

बाबा : वारा असेल.

बाई : खिडक्या बंद आहेत. तिच्याजवळ आमच्या ताई आहेत, काळजी नको. म्हणजे चावत नाही, पळून जात नाही?

बाबा : नावच काढू नका. अगदी मोकळी, हवेशीर... मोकळ्या स्वभावाची आहे.

बाई : मग माझी पंचाईत झाली. आमची शाळा अवघड मुलांसाठी. वर्गात मुलं मोजकीच घेतो, आणि आता एकच जागा उरलीय. त्या जागेसाठी एका मुलाचं नाव आधी आलंय. तो वर्गातून पळून जातो. ज्याला जास्त गरज, त्याला जागा. तुमची मुलगी काय, कुठल्याही शाळेत रमेल.

बाबा : अहो, तीन शाळांनी काढलंय तिला!

बाई : लांब पडत असतील.

बाबा : बाई, ती चावते!

आई : अरे...

बाबा : परवा माझ्या बहिणीला चावली, दंडाला. रक्त आलं! आणि पळायचं म्हणाल तर त्या मुलाला मागं टाकेल, लावा शर्यत. दुकानातून पळते, भर रस्त्यात पळते. पाहुण्यांच्या चपला संडासात टाकते. आमच्याकडे हल्ली पाहुणेच येत नाहीत.

आई : पुरे.

बाबा : रात्री कानावर हात ठेवून किंचाळते. सगळी इमारत जागी होते...

आई : पुरे म्हटलं ना! चपला एकदाच टाकल्या. आणि तुझी बहीण तिला तोंडावर वेडी म्हणाली, ते का गिळलंस?

बाबा : कमाल आहे! खरं बोल, खरं बोल म्हणून सकाळपासून तूच माझं डोकं खातेयस.

आई : खरं बोल म्हटलं होतं. पोरीची बोली लाव नव्हतं म्हटलं.

बाबा : मग काय करू? इथलं दार लागलं तर तिला न्यायचं कुठं? या गावातली गल्ली न् गल्ली माझ्या पायाखालची. हवं ते घर शोधून देतो लोकांना. हिच्यासाठी शाळा उरली नाही गं एकही.

बाई : किंचाळते तेव्हा थांबते कशानं?

बाबा : ते... हिला विचारा.

आई : दिवा मालवायचा. आपण जमिनीवर बसायचं, तिच्याकडे पाठ करून. बोलायचं काही नाही. थोड्या वेळानं ती येते आणि आपल्या पाठीला पाठ लावून बसते. मग थांबते.

बाबा : हे मला कधी बोलली नाहीस.

आई : तू तेव्हा जिन्यात असतोस. टीव्हीचा आवाज होता म्हणून शेजाऱ्यांना पटवत.

बाई : ठीक आहे. सोमवारी घेऊन या तिला.

बाबा : आं? आणि तो पळणारा मुलगा?

बाई : त्याच्या वडिलांची बदली झाली. सकाळीच फोन आला होता. जागा मोकळीच होती.

बाबा : मग माझ्याकडून हे सगळं वदवलंत कशाला?

बाई : सोमवारपासून ती माझ्यासमोर बसणार. मला माहीत नको? आणि हो, डबा प्लास्टिकचा द्या. स्टीलचा डोक्याला लागतो.