पिशवी दाराबाहेर

…आणि वर मलाच म्हणते, “काका, पिशवी दाराबाहेर ठेवा!” मला! अहो, बावीस वर्षं त्या पिशवीनं माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आणलाय, बघा, नीट बघा, शर्ट शिवणारासुद्धा विचारतो, “साहेब, पडला होतात का कुठे?” आणि ती पिशवी दाराबाहेर? चपलांशेजारी? आणि हे सांगतंय कोण? चिमणी! जिला मी शिकवलं. मी!

थांबा, तुम्हाला मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा म्हातारा पिशवीवरनं काय डोकं फिरवून घेतोय. माझं काम असं, की ज्या घरात तीन वर्षांच्या आतलं मूल आहे आणि ते उशिरा बोलतंय, उशिरा चालतंय, नजरेला नजर देत नाहीये, त्या घरी आठवड्यातून एकदा जायचं. लोकांना वाटतं, हा जातो, खेळतो नि येतो. खेळतोच! पण ते खेळणं काय साधं असतं? ठोकळे, घंटा, दोरीचं बदक, साबणाचे फुगे… पिशवीची चेन नुसती वाजली की मूल आतल्या खोलीतनं रांगत येतं! ‘पिशवीकाका’ म्हणतात मला. म्हणजे, जी बोलतात ती म्हणतात.

तर चिमणी. सहा वर्षांपूर्वी नोकरीला लागली तेव्हा आवाज एवढासा, म्हणून चिमणी. पहिल्याच घरी हिनं त्या पोरावर प्रश्नांचा मारा केला, “हे काय? ते काय? रंग कुठला? सांग ना, सांग ना!” पोर गेलं आईच्या मागे, आणि ही बाहेर येऊन जिन्यात बसली रडत. कुणी समजावलं? मी! म्हटलं, “अगं बाई, वस्तू हातात धर, पोराकडे बघ आणि गप्प बस. मनात दहा मोज. त्याला बोलायला जागा तर ठेव!” डोळे पुसत पुसत वहीत लिहून घेतलं तिनं. मला काय माहीत, ही ती वही सहा वर्षं जपून ठेवणार आहे!

कारण गेल्या वर्षी ती गेली कसल्याशा प्रशिक्षणाला, सहा महिने, आणि परत आली ती माझी कोच होऊन. माझी! म्हणाली, “काका, आता आपण मुलाला शिकवायचं नाही, आईला हाताशी धरायचं. तुम्ही आठवड्याला एक तास असता. बाकीचा वेळ कोण असतं?” अगं, असते ना आई! मी कुठे म्हटलं नसते? “मग तिला बोलू द्या,” म्हणाली आणि फोनवर माझंच चित्रण लावलं. चाळीस मिनिटं. ठमीच्या घरचं. “आई अकरा शब्द बोलली, काका. ‘हो’ आठ वेळा आणि ‘चहा घेणार का’. तुमचे मोजायचे मी सोडून दिले.”

ही ठमी म्हणजे माझी सगळ्यात लाडकी. दोन वर्षं दहा महिन्यांची, गालाला खळी. कान ठणठणीत, समजतं सगळं, पण तोंडातनं एक शब्द नाही. आठ महिने जातोय मी. तीन वर्षं पूर्ण झाली की आमचं जाणं बंद, नियमच आहे, म्हणजे हातात उरले दोन महिने. तिचा पहिला शब्द ऐकायचा होता हो मला, दुसरं काही नको होतं! आणि चिमणी म्हणते, “पुढच्या भेटीला मी येते. पिशवी दाराबाहेर, आणि बोलायचं आईनं. नाही जमलं तर ठमीचं घर दुसऱ्या कुणाला देऊ.” इतक्या गोड आवाजात! केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. जिला मी शिकवलं, मी!

गेलो. बूट काढले, पिशवी दाराबाहेर ठेवली. ठमी आली, माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि सरळ आत निघून गेली. आठ महिन्यांची ओळख, आणि चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही! पण मीही काही कच्चा नाही. फुग्यांची बाटली मागच्या खिशात घातली होती. अगदीच नडलं तर काढायला.

चिमणी कोपऱ्यात, हातात टिकमार्क करायचा कागद. मी बुटक्या स्टुलावर, हात मांडीखाली, कारण माझे हात आपोआप पुढे जातात असं तिचं निरीक्षण. ठरल्याप्रमाणे ठमीच्या आईला विचारलं, “ताई, दिवसातला कुठला वेळ जड जातो?”

ती बाई बोलायलाच लागली हो! “बाहेर निघताना, काका. बूट म्हटलं की रडारड. मी दाबून घालते, उचलते नि निघते. रोज.” आठ महिन्यांत मी हे कधी विचारलंच नव्हतं. असो. म्हटलं, “मग आज निघू या. एक बूट घाला, दुसरा हातात धरा आणि थांबा. मनात दहा मोजा.”

आणि तेवढ्यात… खिशातल्या बाटलीचं झाकण निघालं. थंडगार साबण असा हळूहळू पसरायला लागला, काय सांगू तुम्हाला! हललो तर चिमणीला दिसणार. तोंड उघडलं तर किंकाळी निघणार. दगड झालो मी. ताईंनी बूट धरलाय, ठमी बघतेय. तीन… चार… माझ्या जिभेवर आलेलं, ‘बूट म्हण, बूट!’ पण साबण गुडघ्यापर्यंत पोचलेला. सात… आठ… ठमीनं आईच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली,

“दे.”

आई रडली. चिमणी रडली. मीही रडलो, आता साबणानं की कशानं ते विचारू नका. पण बोलली कुणाशी? आईशी! आठ महिने फुगे मी उडवले, बदक मी ओढलं, आणि माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही कारटीनं!

वर चिमणी म्हणते, “काका, ताईंनी बूट धरल्यापासून तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. काय तो संयम!” आणि ताई म्हणतात, “काका, आता महिन्यातून एकदा आलात तरी चालेल, जमतंय मला.” म्हणजे काम फत्ते झालं, आणि मला काढून टाकलं! सगळं एका दमात!

पाठ भिंतीला लावून सरकत सरकत दारापर्यंत आलो. एक बूट घातला. दुसरा सापडेना. बघतो तर ठमीच्या हातात. पुढे धरलाय, भुवया वर, माझ्या डोळ्यांत रोखून बघतेय आणि थांबलीये. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती! मी हात पुढे केला, तिनं बूट मागे घेतला. चिमणीकडे बघितलं, ती कागदावर मान खाली घालून हसतेय. एक मिनिट गेलं. पोर हलायला तयार नाही. दहाच्या पुढे मोजायला कोणी शिकवलं हिला?

मी. मी शिकवलं.

काय करता? पायात एकच बूट, पॅन्टमध्ये साबण… म्हटलं, “दे.”