दाढी खरवडलेला राजा

(तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली. देवघरासमोर शेषम्मा आणि तिची नात विनुता. विनुता चेन्नैला जुनी चित्रं दुरुस्त करते.)

विनुता : आजी, किती वेळा सांगू? हा राम नव्हेच. इराणी पोथीतलं पान आहे हे. चारशे वर्षांपूर्वीचं.

शेषम्मा : खुळी का काय तू? सिंहासन आहे, छत्र आहे, खाली मारुती हात जोडून बसलाय. पट्टाभिषेक नव्हे तर काय, बारसं?

विनुता : तो मारुती नाही, नोकर आहे. शेपूट आजोबांनी मागाहून रंगवलं. सोन्याचा वर्ख, काचेचे खडे, तेही त्यांचंच काम.

शेषम्मा : मग! घरात तंजावूरचा चित्रकार, अन् देव बिनसोन्याचा ठेवायचा? गल्लीतले अस्के, झाडून सगळे, हसले असते.

विनुता : आणि दाढी?

शेषम्मा : तेंनी ब्लेडनं खरवडली. हलक्या हातानं हं, मीच दिवा धरला होता. वनवासात वाढली असेल म्हणाले. अयोध्येला आल्यावर काढायला नको?

विनुता : देवा! आजी, मला दे हे. खडे उतरवले तर खालचा राजा अजून वाचेल. नाहीतर तेलकट धुरानं उरलेलंही जाईल.

शेषम्मा : देवघरातनं देव उचलून नेणार? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. पंचावन्न वर्षं माझ्या हातचा नैवेद्य खाल्लाय तेनं.

विनुता : कुणी खाल्लाय, ठाऊक आहे? मागच्या बाजूला गोष्ट लिहिलीय. आमच्या फारसीच्या बाईंनी फोटोवरून वाचली. बापाला मारून गादीवर बसला, तो हा राजा.

शेषम्मा : अय्यो! बापाला?

विनुता : सख्ख्या.

शेषम्मा : अन् बापाच्या शब्दासाठी गादी सोडणाऱ्याचं पायसम हा मेला गिळत बसला! लाज नाही वाटली?

विनुता : त्याला कुठं विचारलं आपण?

शेषम्मा : थांब, हसू नको. हा राम नाही, नक्की?

विनुता : नक्की.

शेषम्मा : माझी शपथ?

विनुता : तुझी शपथ. का ग?

शेषम्मा : तुझा सुरेंद्रकाका तापानं पडला होता. नऊ वर्षांचा. तीन दिवस मी याच्यापुढनं उठले नाही. पोर गेलंच. तेव्हापासून दिवा लावते, नैवेद्य दाखवते, पण रामाशी बोलत नाही मी. चाळीस वर्षं झाली.

विनुता : आजी…

शेषम्मा : घेऊन जा याला. रामाला कुणी सांगितलंच नव्हतं ग.