खेळाआधीचा आवाज

शिवणवाली : नाही हो, खेळ नकोय मला. खेळाच्या आधीचं ऐकायचंय.

खेळवाला : आधी काहीच नसतं, ताई. कॅसेटवरचा कॉम्प्युटरचा खेळ म्हणजे नुसतं किर्र. ते जुन्या कॉम्प्युटरने ऐकायचं, मग पडद्यावर खेळ उमटतो.

शिवणवाली : ते मला नका शिकवू. तुमच्या ह्या कॅसेटी भरल्या कुणी? आमच्या बाबांनी. कोपऱ्यावर दुकान होतं त्यांचं. जुन्या खेळांचे व्हिडिओ टाकता ना, त्यातल्या परवाच्या व्हिडिओत किर्र सुरू व्हायच्या आधी कुणीतरी 'बरं का' म्हणतं. मुलगी फोनवर बघत होती, मी काजं करत होते. सुई बोटात गेली माझ्या.

खेळवाला : अरे बापरे! ते राहिलं होय? म्हणजे काय आहे, तो माणूस प्रत्येक कॅसेटवर आधी बोलायचा. खेळाचं नाव, आवाज किती ठेवायचा, असलं काहीबाही. मी ते कापतो.

शिवणवाली : कापता?

खेळवाला : साफ करतो. लोकांना खेळ हवा असतो ना. कुणाचे वडील असतील, हे डोक्यातच आलं नाही.

शिवणवाली : आम्ही शिवणाऱ्या बायका चिंधीसुद्धा टाकत नाही हो. कापलेलं कुठंय?

खेळवाला : पुसलं. कॉम्प्युटरवर जागा अडते.

शिवणवाली : मग मूळ कॅसेट लावा.

खेळवाला : टेपरेकॉर्डरने खाल्ली. व्हिडिओ झाला आणि लगेच. ही बघा, नुसता गुंता झालाय.

शिवणवाली : घरी बाबांचे फोटो ढीगभर आहेत. आवाज एकही नाही. लोकांच्या कॅसेटींवर जन्मभर बोलले, आमच्यासाठी काही ठेवलं नाही. असो. येते मी.

खेळवाला : थांबा. बसा हो, ताई. अजून एक आहे. त्याच दुकानाची.

शिवणवाली : मग मघाशी का नाही बोललात?

खेळवाला : कारण तो खेळ दुसऱ्या कुणाकडे असल्याचं मी ऐकलेलं नाही. टेप इतकी ठिसूळ झालीय की वाजली तर एकदाच वाजेल. चांगलं यंत्र मिळालं की लावायची, म्हणून जिवापाड जपलीय. व्हिडिओ बघणारे तर हात धुऊन मागे लागलेत.

शिवणवाली : मग राहू द्या. तुमचा जीव आहे त्यात.

खेळवाला : आहे. खोटं कशाला सांगू? पण मला एक सांगा, ते बोलायचे कशाला? बाकीचे दुकानदार खेळ भरायचे, पुडक्यात घालायचे, झालं.

शिवणवाली : अहो, एका कॅसेटवर चार-चार खेळ. किर्र सगळ्यांचं सारखंच. गिऱ्हाइकाला कळणार कसं? म्हणून नाव सांगायचे. आणि कॅसेटवरून खेळ कॉम्प्युटरवर चढेपर्यंत घरात कुणी हूं की चूं करायचं नाही. पाऊल वाजलं तरी डोळे वटारायचे, 'बिघडेल!' आई भांडी घासायची थांबायची.

खेळवाला : बोलण्याने काही होत नाही हो! वायर जोडलेली असते.

शिवणवाली : हे बाबांना कोण सांगणार? दुकानात दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. खेळ चढायला लागला की मला मांडीवर घेऊन गप्प बसायचे. तेवढाच वेळ ते माझ्या वाट्याला यायचे.

खेळवाला : लावतो.

शिवणवाली : अहो, पण तुटली तर?

खेळवाला : तुटली तर दोघं मिळून रडू. इकडे सगळं रेकॉर्ड होतंय. ह्या वेळी कात्री लावणार नाही, शब्द देतो.

(तो बटण दाबतो. थोडी खरखर.)

टेपवरचा आवाज : बरं का मंडळी, दुसऱ्या बाजूचा पहिला खेळ. आवाज मधोमध ठेवा. घाई करू नका... अगं, ती वायर सोड आधी.

टेपवरची मुलगी : बाबा, मी दाबू?

टेपवरचा आवाज : दाब. आणि आता बोलायचं नाही हं.

खेळवाला : ताई! ती मुलगी म्हणजे तुम्हीच ना? आणि किर्रपण सुरू झालं, टेप टिकली की हो! आता बघा, हा खेळ...

शिवणवाली : शू. चढतोय.