नामाच्या नावाची पाटी

बसलेल्या भावांनो, बायांनो, लेकरांनो. हा माईक मले धड पकडता येत नाही. दुसरी शिकलेली बाई मी. पन मेलेला नामदेव माहा धाकटा भाऊ. कडेवर घेऊन वाढवला मी त्याले. मी नाही बोलनार तं कोन बोलनार?

आत्ता सरपंच बोलून गेले. भल्लं बोलले. आपल्या गावच्या कोंडवाड्याले नामाचं नाव देनार, मोठी पाटी लावनार. टाळ्याही पडल्या. शोकसभेत टाळ्या, बरं!

पयले खरं ते सांगते. धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या भांडनात नामाच्या हातून मानूस गेला. मी ते झाकत नाही. त्या घरच्या बाईपुढं मी आजही मान वर करत नाही. पन त्याची शिक्षा त्यानं पुरी भोगली. पुरी.

जेलात त्याले गोठ्याचं काम भेटलं. मी भेटाले जावो, तं घरचं काही विचारेच ना. "बाई, आमची कपिला गाभन हाय," म्हने. आमची! जेलची गाय, अन् म्हने आमची! तिथल्या सैंपाकघरातले देठ, उष्टं, पालापाचोळा, काहीच वाया जाऊ देत नव्हता. गांडूळखत करे, त्यावर जेलचा भाजीपाला पिके. उलट मलेच हिनवे, "गावात अजून कचरा पेटवून राहिले का तुमी?" मी म्हनलं, "जेलात जाऊन मास्तर झाला का रे तू?"

एकदाची गोष्ट सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपन बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावतो, अन् म्हनतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. नामानं जेलच्या बैलायले तसंच आवतन देल्लं. मागून जेलचे साहेब आले. "काय रे, कोणाला जेवायला बोलावतोस? इथं पाहुण्यांना परवानगी लागते." हा म्हने, "साहेब, हे पाहुणे नाहीत. आपल्यासारखेच, इथलेच हायेत." साहेब हसले. दुसऱ्या दिवशी कैद्यायनं आपापल्या ताटातला घास बैलायसाठी काढून ठेवला.

तोच नामा सुटून माह्या घरी आला. पोळा आला. वाटीत तूप-हळद घेऊन आमच्या गोठ्यात गेला, तं माहा पोरगा म्हने, "मामा, तुमी राहू द्या. लोकं बोलतात." नामानं वाटी खाली ठेवली. अन् मी? मी चुलीपाशी बसून पुरन वाटत होती. ऐकलं, अन् वाटतच राहिली. आता गावाले नावं ठेवाले उभी राहिली, तं माहं पयले सांगाले नको?

माही नात त्याले वासरूआबा म्हने. तीन वर्साची पोरगी, भल्ली चुरुचुरु बोलते. काल मले म्हने... जाऊ द्या. तिचं सांगाले बसली तं सभा उठनार नाही. पन साऱ्या गावात तीच एक त्याच्या मांडीवर जाऊन बसे.

कोंडवाड्यावर मानूस पायजे होता. नामा जेलात ढोरायचं काम शिकल्याचं सर्टिफिकेट घेऊन पंचायतीत गेला. सरपंच, तुमी काय म्हनले होते? "जेलातला मानूस कोंडवाड्यावर? लोकं हसतील." अन् तुमची गाय अडली तेव्हा? मागच्या दारानं बोलावनं आलं. नामा गेला. गाय वाचली, वासरू वाचलं. त्याचा चहा गोठ्यातच आला. ओसरीवर या, असं कोनी म्हनलं का? मले सांगा, मानूस चालला नाही तं नाव कसं चालते?

पाटी नका लावू. पाटी काही शेन काढत नाही.

त्या दारापाशी एक मानूस उभा हाय. पाहा वळून. तो बाबूलाल, धारणीकडचा. जेलात नामाच्या हाताखाली गोठ्याचं काम शिकला. त्याचीही शिक्षा पुरी झाली. नामानं त्याले सांगून ठेवलं होतं, सुटला का माह्याकडं ये, दोघं मिळून ढोरं पाहू. तो काल आला. तीन गाड्या बदलून आला, अन् दारात मीच त्याले सांगितलं का नामा गेला. अंगनातच बसून रडला. त्याचंही सर्टिफिकेट त्या पिशवीत हाय.

कोंडवाड्यावरची जागा अजून रिकामीच हाय. याले ठेवा. उद्याच ठेवा. मी मेल्यावर नाही, तो मेल्यावर तं नाहीच नाही.

सभा सुरू झाल्यापासून तो उभा हाय. इतक्या जनातून एकानंही त्याले बस म्हनलं नाही. बाबूलाल, ये बापा, पुढं ये. लाजू नको. भाऊ, सरका थोडं. सरपंच, तुमच्या बाजूची खुर्ची रिकामी हाय ना?

तो बसला का मंग आपन सारे उभे राहू, अन् नामासाठी दोन मिनिटं मुके राहू. तोवर नाही.

मी थांबली हावो.